खुलासा : ‘सीबीडी उपाशीपोटीच द्या’ हा मेसेज चुकीचा आहे

सांगली-मिरजेतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय : ‘फिटवरचं कॅनाबिडिऑल (सीबीडी) उपाशीपोटीच द्या, तरच लागू पडतं.’ खरं तर उलट आहे. हे औषध तेलात विरघळतं, पाण्यात नाही. भरपूर तुपातेलाच्या जेवणासोबत घेतलं, तर रक्तातली कमाल पातळी उपाशीपोटीच्या सुमारे ५ पट होते, एकूण शोषण सुमारे ४ पट. म्हणून वरून तूप वाढा, असंही नाही! पातळी चढली की गुंगी येते, जुलाब होतात, यकृतावर ताण येतो. सोबत व्हॅल्प्रोएट हे फिटवरचं दुसरं औषध चालू असेल तर जास्तच जपायचं. एक दिवस नुसत्या चहा-बिस्किटावर डोस, दुसऱ्या दिवशी तूप सोडलेल्या पुरणपोळीवर, हे कृपा करून टाळा. जेवणाशी मेळ रोज सारखाच ठेवा. मेसेज वाचून वेळ बदलली असेल, तर आजच डॉक्टरांना सांगा.