व्यक्ती क

परवा एका मुलीने माझ्या उजव्या हाताची शास्त्रोक्त नोंद घेतली. तेव्हापासून तो हात मला थोडा परकाच वाटतो आहे.

प्रसंग सांगण्यासारखा नाही, म्हणून भराभर सांगतो. एक कार्यालय, एक दाखला, एक खिडकी. खिडकीपाशी जायचं तर टोकन हवं, आणि टोकन हवं तर दाराशी उभ्या केलेल्या यंत्राचं बटण दाबायचं. दाबलं. यंत्र घरघरलं, चिठ्ठीचं टोक बाहेर काढलं आणि परत आत घेतलं. पुन्हा दाबलं. जोरात दाबलं. गप्प उभा राहून पाहिलं. मग बोट सोडून तळहात कामाला लावला. खिडकीमागचे गृहस्थ मान वर न करता म्हणाले, "मशीन बंद आहे."

"मग टोकन?"

"टोकनशिवाय बोलू नका."

यानंतर मी त्या यंत्राच्या पाठीवर जे केलं ते कुठल्याही सभ्य माणसाने केलं असतं. गृहस्थ उठले, एका कपट्यावर आकडा खरडला आणि तो माझ्यापुढे सरकवला. विषय संपला असं समजून मी वळलो, तर मागून आवाज आला.

"काका, अकरा."

"माझा चौतीस आहे."

"टोकन नाही हो. तुमचे फटके."

विशीतली मुलगी. मांडीवर पॅड, डाव्या हातात माणसं मोजायचा तो टिकटिक करणारा काउंटर. शेजारी चष्मेवाला मुलगा, त्याच्या मांडीवर तसंच पॅड, हातात तसाच काउंटर. उपयोजित वर्तन विश्लेषण शिकतात म्हणे. एबीए म्हणतात त्याला, माणसाचं वागणं मोजून ते बदलायचं शास्त्र. अभ्यासक्रमात एक असाइनमेंट आहे, सार्वजनिक ठिकाणी कोणातरी व्यक्तीचं प्रत्यक्ष निरीक्षण.

"कोणा व्यक्तीचं?"

"तुमचं. नाव नाही लिहिलेलं, घाबरू नका. तुम्ही व्यक्ती क."

"अ आणि ब कुठे गेले?"

"ते कंटाळून निघून गेले."

"पण मला न विचारता?"

"विचारलं की वर्तन बदलतं, काका. मग डेटा खरा राहत नाही." हे तिने इतक्या समजुतीने सांगितलं की क्षणभर मलाच डेटाची काळजी वाटली.

मी म्हटलं, ठीक आहे, मग निदान लिहा तरी नीट, की गृहस्थ न्याय्य कारणाने चिडले. तिचा चेहरा असा झाला की जणू मी चारचौघांत काही अश्लील बोललो. "'चिडले' आम्ही लिहीत नाही. चिडणं दिसत नाही."

"मी सांगतो ना, मी चिडलो होतो. अजून आहे."

"ते तुमचं म्हणणं झालं." आणि तिने पॅडवरून वाचून दाखवलं: "फटका म्हणजे उजव्या हाताचा तळवा किंवा मूठ, किमान एक वीत अंतरावरून येऊन, यंत्राच्या कोणत्याही पृष्ठभागावर, तीन मीटरवर ऐकू जाईल अशा आवाजासह आदळणे. बोटाने बटण दाबणे यात धरलेले नाही. यंत्राला टेकून उभे राहणे यात धरलेले नाही."

माझ्या कुठल्याही कृतीकडे आजवर कोणी इतकं लक्ष दिलेलं नाही. घरच्यांनी तर नाहीच.

"माझे नऊ," चष्मेवाला पहिल्यांदाच बोलला.

मग त्या दोघांत जो संवाद झाला त्यात मला स्थान नव्हतं. लहान आकडा भागिले मोठा, गुणिले शंभर. नऊ भागिले अकरा. "ब्याऐंशी टक्के," मुलगी म्हणाली आणि तिने सुटकेचा श्वास सोडला. दोन निरीक्षकांचं एकमत साधारण ८०च्या वर असलं की चालतं, असं त्यांना शिकवलेलं.

"म्हणजे मी पास?"

"डेटा पास."

मी अपील केलं. शेवटचा फटका फटका नव्हताच, चिठ्ठीचं टोक धरायला गेलो तेव्हा हात निसटला. "आवाज आला होता?" आला होता. "मग फटका. हेतू आम्ही मोजत नाही." बरं, त्याआधी मी बराच वेळ हातही न लावता शांत उभा होतो, ते? ते कोणत्या रकान्यात आहे?

"ते नाही लिहिलं." ती थोडी ओशाळली. "डेड मॅन टेस्ट असते ना. जे मेलेल्या माणसालाही जमतं, ते वर्तन नाही. शांत राहणं मेलेल्यालाही जमतं."

माझ्या त्या दिवसातल्या एकमेव सद्गुणाची ही वासलात. घरी येऊन हे सगळं मी वाचून काढलं. संतापात वाचन चांगलं होतं. ही कसोटी खरोखरची आहे. ऑग्डेन लिंड्सली नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती १९६०च्या दशकात मांडली. आणि वाईट याचं वाटतं की ती शहाणपणाची आहे. मुलाने ओरडू नये, उठू नये, हात हलवू नये, अशी उद्दिष्टं शिक्षक लिहून ठेवतात. लिंड्सलीचं म्हणणं, ही सगळी एखादं प्रेत उत्तम पार पाडेल. तेव्हा काय करू नये ते सोडा, त्याऐवजी काय करावं ते शिकवा. हे वाचून मी त्या प्रतीक्षागृहाचा विचार केला. ओरडू नका. गर्दी करू नका. खिडकीवर हात ठेवू नका. टोकनशिवाय बोलू नका. त्या भिंतींना नेमकं कोणत्या अवस्थेतलं गिऱ्हाईक हवं आहे, हे लिंड्सलीने एका झटक्यात सांगितलं असतं.

त्याच वाचनात मला माझा पूर्वज सापडला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरचा उंदीर. पेटीतली दांडी दाबली की त्याला खाण्याची गोळी मिळायची. प्रयोग भलत्याच गोष्टीवर चालला होता, आणि गोळ्या सोडणारं यंत्र अडकलं. उंदीर दाबतोय, गोळी येत नाही, तो दाबतच राहतो, मग दाबणं हळूहळू विरत जातं, आणि कागदावर त्याची सुरेख वक्ररेषा उमटते. मोबदला थांबला की वर्तन कसं विझतं, त्याची स्किनरला मिळालेली ही पहिली रेषा. याला ते एक्स्टिंक्शन म्हणतात, मराठी पुस्तकांत विलोपन. विझण्याआधी कधीकधी वर्तन एकदम उसळी घेतं, ते जोरात होतं, वारंवार होतं, हाताचं काम पायाने होतं. त्या उसळीला एक्स्टिंक्शन बर्स्ट असं भारदस्त नाव आहे. स्किनरने पुढे आपल्या आत्मचरित्रात हकीकत सांगितली आहे: शुक्रवारची दुपार होती, सांगायला प्रयोगशाळेत कोणी नव्हतं, आणि आपण अपघातात गेलो तर शोधही जाईल म्हणून तो शनिवार-रविवार त्याने रस्ते फार जपून ओलांडले. उंदराने तो शनिवार-रविवार कसा काढला याबद्दल तिथे चकार शब्द नाही. माझी सगळी सहानुभूती तिकडे आहे.

परत खिडकीपाशी येतो. मुलीने पॅड माझ्याकडे वळवलं. तीन रकाने: आधी काय घडलं, मग वर्तन, नंतर काय घडलं. पहिल्यात 'यंत्र चिठ्ठी देत नाही'. दुसऱ्यात 'फटका'. तिसऱ्यात 'कर्मचारी हस्तलिखित टोकन देतो'.

"यावरून काय कळतं?"

"पुढच्या वेळी तुम्ही फटक्यापर्यंत लवकर पोचाल," ती हवामान सांगावं तशी म्हणाली. "तुमच्या फटक्याला पॉझिटिव्ह रीइन्फोर्समेंट मिळालं, म्हणजे हवं ते मिळून फटका बळावला. आणि त्यांच्या टोकन देण्याला निगेटिव्ह."

"म्हणजे त्यांना शिक्षा झाली? छान."

ती अक्षरशः जागेवरून उठली. या वाक्याची ती प्रवेश घेतल्यापासून वाट बघत असावी. "नाही काका! सगळे इथेच फसतात! निगेटिव्ह म्हणजे काहीतरी काढून घेतलं जाणं. तुमचा आवाज त्यांना नको होता. टोकन दिलं, आवाज थांबला. नकोशी गोष्ट गेली, म्हणून त्यांचं टोकन देणं बळावलं. शिक्षा असती तर ते कमी झालं असतं!" चष्मेवाल्याने मान हलवून दुजोरा दिला. बाकावरची दोन-तीन माणसंही ऐकू लागली होती.

थोडक्यात, गृहस्थांनी मला आपटायला शिकवलं आणि मी त्यांना आपटणाऱ्यालाच टोकन द्यायला शिकवलं. दोघांनी एकमेकांना घडवलं, आणि बिल यंत्राच्या पाठीवर. त्यातही ते प्रत्येक वेळी उठत नाहीत. कधी दुसऱ्या फटक्याला उठतात, कधी विसाव्याला, कधी उठतच नाहीत. असा बेभरवशाचा मोबदला मिळालेलं वर्तन मोडायला सगळ्यात कठीण. स्किनरने चार्ल्स फर्स्टर या सहकाऱ्याबरोबर १९५७ साली मोबदल्याच्या वेळापत्रकांवर एक जाडजूड ग्रंथच लिहिला. तो कबुतरं आणि उंदरांवर आहे, पण मला वाचताना ओळखीचे चेहरे दिसत होते.

खिडकीसमोरच्या बाकावर एक आजोबा होते. मांडीवर फाइल, फायलीवर दोन्ही हात. मी आलो त्याच्या कितीतरी आधीपासून बसलेले. टोकन नाही, कारण यंत्र बंद. बोलता येत नाही, कारण टोकन नाही. आपटत नाहीत, कारण तसं वळण नाही. मी विचारलं, यांचं काय लिहिलंत?

"त्यांच्याकडे नोंदण्यासारखं काही घडत नाहीये."

हे मात्र मला झोंबलं, आणि अजून गंमत म्हणून सांगता येत नाही. त्या खोलीत सर्वांत जास्त सोसणारा माणूस त्या पॅडवर नव्हता. आणि दुसरे नव्हते ते खिडकीमागचे. "त्यांचे फटके मोजा की. खिडकी किती वेळा लावून घेतली, मान किती वेळा वर केली नाही."

"मान वर न करणं डेड मॅनलाही जमतं, काका."

"मग खिडकी लावणं मोजा."

"आमची परवानगी फक्त प्रतीक्षागृहाची आहे."

असंच असतं. मोजला जातो तो ज्याला काहीतरी हवं असतं. ज्याच्या हातात गोळ्यांची पेटी आहे त्याच्या बाजूला काउंटर वळत नाही. या शास्त्रात सगळंच असं नाही, हेही खरं. १९८२ साली ब्रायन इवाटा या वर्तन विश्लेषकाने आणि सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांच्या बाबतीत आधी 'हे कशासाठी' असं विचारायची पद्धत घालून दिली. डोकं आपटणं वरून एकसारखं दिसतं, पण एका मुलाला त्यातून जवळ कोणीतरी हवं असतं, दुसऱ्याला समोरचं काम टाळायचं असतं, आणि उपाय त्यावर ठरतो. हा विचार मोठा आहे, त्याने कितीतरी मुलांची डोकी वाचली. पण त्याच शास्त्राच्या नावाखाली ऑटिस्टिक मुलांना आठवड्याला ४० तास बसवून वळण लावलं गेलं. इव्हार लोवास या मानसशास्त्रज्ञाच्या १९८७च्या गाजलेल्या अभ्यासात वेळप्रसंगी मांडीवर चापटीही होती. आज बहुतेकांनी ती सोडली आहे. ती मुलं मोठी झाल्यावर त्यांच्यातले अनेकजण सांगतात की, स्वतःला बरं वाटावं म्हणून जे हात हलायचे ते शांत करण्याला तिथे प्रगती म्हटलं गेलं. माझा हात एका सकाळी मोजला गेला तर मी एवढा लेख लिहितोय.

असो. मुलीने पॅडखालून एक कागद काढला. "काका, इथे सही लागेल. संमती."

"आत्ता?"

"आधी घेतली असती तर..."

"वर्तन बदललं असतं. कळलं." मी कागद वाचायला घेतला. सही नसेल तर माझे फटके तिला वापरता येणार नव्हते, आणि असाइनमेंट उद्या द्यायची होती. तिसऱ्या वेळी बोलताना तिने तीनदा 'प्लीज' म्हटलं. आणि त्या क्षणी, कसं कोण जाणे, मला खिडकीमागची खुर्ची आपल्यालाही जमेल असं वाटू लागलं.

"यावर तारीख नाही."

तिने घातली.

"साक्षीदार?"

चष्मेवाल्याने सही ठोकली.

"निरीक्षकच साक्षीदार कसा चालेल? तटस्थ माणूस हवा. आणि दुसरी प्रत?"

"एकच आहे, काका."

"मग प्रत काढून आणा. तोवर तिकडे बसा, बोलावतो."

ती बसली नाही. पेनचं टोक पॅडवर आपटू लागली. आधी हळू, मग जोरात. वीतभर अंतर नव्हतं, पण आवाज सहज तीन मीटर जात होता. बाकावरच्या आजोबांनी मान वळवली. मी चष्मेवाल्याच्या हातातला काउंटर मागून घेतला.

"काका, काय करताय तुम्ही?"

"बोलू नकोस. वर्तन बदलतं."

थोड्या वेळाने ती थांबली. "सात," मी म्हणालो.

चष्मेवाला काउंटर गेल्यामुळे कागदावर रेघा ओढत बसला होता. "माझे सहा," तो म्हणाला. "शहाऐंशी टक्के. चालेल."