‘सव्वा महिना जुनेच कपडे घाला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

घरात कुणी बाळंतीण झाली की फॅमिली ग्रुपवर हमखास येऊन पडणारा एक मेसेज आहे. वर गुलाब, खाली जोडलेले हात, मधे ‘आजीचे नियम, विज्ञानालाही पटलेले’. नियम साधारण असे: सव्वा महिना बाळाला नवं कापड लावायचं नाही, पेटीत जपून ठेवलेले घरातले जुनेच कपडे घालायचे. टोपडं चोवीस तास. पाय सरळ करून दुपट्यात घट्ट बांधायचं, नाहीतर पाय फेंगडे होतात. हातमोजे कायम. कपडे रोज जंतुनाशकाच्या पाण्यातून काढायचे. पिळायचे नाहीत, बाळाचं पोट पिळवटतं. तिन्हीसांजेनंतर दोरीवर ठेवायचे नाहीत. आणि शेवटी अर्थातच, ‘दहा बाळंतिणींपर्यंत पोचवा’.

यातलं सगळंच टाकाऊ असतं तर बरं झालं असतं, कुणी वाचलंच नसतं. पण दोन चांगल्या सवयींच्या मधे एक धोक्याची गोष्ट बसवली की तीही मुकाट्याने पाळली जाते. आणि यात आजीला ओढायचं काही कारण नाही. रेडिमेड हातमोजे आणि जंतुनाशकाची बाटली बहुतेक आज्यांच्या बाळंतविड्यात नव्हतीच.

सुरुवात जुन्या कपड्यांपासून. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याची बाळुती आणि दुपटी उत्तम, याबद्दल वाद नाही. घाम टिपतात, टोचत नाहीत, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांची ती काळसर, चिकट शी लागली तर फेकून देताना जीव हळहळत नाही. नव्या कापडाला खळ असते, सुटा रंग असतो, सुरकुत्या पडू नयेत म्हणून दिलेला लेपही असू शकतो, आणि नवजात कातडीला यातलं काहीही झोंबू शकतं. इथवर मेसेज बरोबर आहे. पण त्यावर उतारा सव्वा महिना थांबणं हा कसा काय? नवं झबलं घालण्याआधी एकदा, गडद रंगाचं असेल तर दोनदा धुवा. पाणी रंगीत येतच राहिलं तर ते झबलं बाजूला ठेवा. मानेमागची कडक पट्टी उसवून टाका. झालं. मावशीने हौसेने आणलेलं अंगडं बारशापर्यंत पिशवीत कोंबून ठेवायची गरज नाही.

माझं भांडण आहे ते ‘पेटीत जपून ठेवलेले’ या तीन शब्दांशी. पेटीत कपडे जपायचे म्हणजे आपल्याकडे डांबरगोळ्या टाकायच्या. पत्र्याची पेटी उघडली की नाकात भरतो तो वास आठवा. थोरल्या भावाची कुंची उलगडली की घडीतून गोळी पडते, टाकताना बोराएवढी होती ती आता मण्याएवढी झालेली. मग उरलेली गेली कुठे? डांबरगोळीतलं नॅप्थलीन पातळ न होता थेट हवेत उडतं. ते त्या कुंचीत मुरलंय, शेजारच्या दुपट्यात मुरलंय, आणि आता ते बाळाच्या नाकाशी आणि कातडीशी येणार.

बहुतेक बाळांना यातून दिसण्यासारखं काही होत नाही, म्हणूनच ‘आमची पाच पोरं याच कपड्यांत वाढली’ असं छातीठोकपणे सांगता येतं. पण काही बाळांच्या तांबड्या पेशींत जी६पीडी नावाचं एक विकर जन्मतःच कमी असतं. भारतात काही समाजांत हा दोष चांगलाच आढळतो, आणि एरवी काहीच त्रास नसल्यामुळे घरात कुणाला त्याचा पत्ता नसतो. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे मुलग्यांत तो जास्त दिसतो. अशा बाळाच्या शरीरात नॅप्थलीन गेलं की तांबड्या पेशी भराभर फुटतात. त्यातून सुटणारं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य निस्तरण्याची ताकद नवजात यकृतात नसते आणि कावीळ झपाट्याने चढते. ती मेंदूपर्यंत पोचली तर ऐकू येणं, हालचाली, सगळ्यावर कायमचा परिणाम होतो, जीवही जाऊ शकतो. त्यात आपल्याकडे बाळाला तेल लावून न्हाऊ-माखू घालायची पद्धत. नॅप्थलीन तेलात विरघळतं, त्यामुळे तेल लावलेल्या कातडीतून ते जास्त शोषलं जातं. युरोपीय संघाने नॅप्थलीनच्या गोळ्यांवर २००८ मध्ये बंदी घातली. आपल्याकडे त्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात.

एकदा धुऊन, तासभर उन्हात टाकून हा वास जात नाही. पुन्हापुन्हा धुवा, चार-सहा दिवस वाऱ्यावर राहू द्या, आणि तरीही नाकाला जाणवला तर ते कापड बाळाच्या खोलीतही नको. हा नियम फक्त झबल्याला नाही. पाळण्यातली गादी, गोधडी, बाळंतिणीची शाल, बघायला आलेल्या काकूंनी खास कपाटातून काढलेला स्वेटर, सगळ्यांना लागू. कापूर ठेवावा का, असं लगेच विचारलं जातं. बाळाच्या कपड्यांत तोही नको. कपडे खडखडीत वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात कडुनिंबाचा सुकलेला पाला घालून ठेवले तरी पुरतं.

असे कपडे आधीच घालून झाले असतील आणि बाळ पिवळं दिसू लागलं, सुस्त झालं, दूध ओढेनासं झालं किंवा लघवी गडद होऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि डांबरगोळ्यांचं आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

आता टोपडं आणि गुंडाळणं. नवजात बाळाला मोठ्यांसारखं कुडकुडून ऊब आणता येत नाही, डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, आणि जन्मताना ते ओलं असतं. म्हणून दवाखान्यात पुसल्या पुसल्या टोपी घालतात, ते योग्यच. अडीच किलोंच्या खालचं किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ असेल तर टोपी, पायमोजे, आईच्या छातीला लावून ठेवणं हे डॉक्टर सांगतील तितके दिवस करायचंच. पण पूर्ण दिवसांचं, तीन किलोंचं, दूध नीट पिणारं बाळ नागपूरच्या मे महिन्यात टोपडं, झबलं, पायमोजे, दुपटं आणि वर गोधडी अशा बंदोबस्तात ठेवायचं, हे कुठल्या विज्ञानाला पटलं? बाळाला नीट घामही येत नाही. जादा उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे उघडं डोकं हीच मोठी वाट असते, आणि आपण नेमकी तीच बंद करतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या सूचनांमध्ये, जन्मानंतरचे पहिले काही तास आणि अतिदक्षता विभाग सोडून घरात बाळाला टोपी घालू नये, असंच म्हटलंय. झोपेत टोपडं घसरून नाकावर येतं ते वेगळंच.

साधा हिशोब असा: त्या खोलीत आपण जेवढे कपडे घालून सुखात असतो, त्यापेक्षा बाळाला एक थर जास्त. नाशिकच्या जानेवारीत कुंची हवीच. मे महिन्यात दुपारी एक सुती झबलं आणि लंगोट बास. ‘कळणार कसं?’ तर वॉर्डातल्या सिस्टर करतात तसं करा. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. दोन्ही कोमट आणि गुलाबी, तर सगळं ठीक. पोट कोमट पण पाय गार, म्हणजे थंडी वाजायला लागली, पांघरूण वाढवा किंवा छातीशी घ्या. दोन्ही गार, तर उघड्या छातीला लावून वरून पांघरूण घ्या आणि डॉक्टर गाठा. उलट मानेमागे घाम, अंग लाल, किरकिर असेल तर एक थर काढा. जास्त गुंडाळल्यामुळे अंग तापतं आणि घरभर ‘ताप आला’ची धावपळ होते, हे खरं. मात्र थर्मामीटर ३८ अंश सेल्सिअस किंवा वर दाखवत असेल तर तो गुंडाळण्याचाच ताप आहे असं स्वतःच ठरवू नका. एवढ्या लहान बाळाचा ताप डॉक्टरांनीच पाहायचा.

पाय सरळ बांधण्याच्या नियमाचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण त्यात बरोबर असं काहीच नाही. नऊ महिने पोटात मांडी घालून बसलेल्या बाळाचे पाय वाकडेच दिसणार. ते चालायला लागल्यावर, दीड-दोन वर्षांपर्यंत आपोआप सरळ होत जातात. बांधून काहीही सरळ होत नाही, बिघडू मात्र शकतं. नवजात बाळाचा खुबा अजून कच्चा असतो, आणि मांड्या वर आणि बाहेर फाकलेल्या असतात तेव्हा तो खोबणीत नीट बसतो. पाय ताणून, गुडघे जोडून करकचून बांधले की मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीबाहेर सरकायला बघतो. जपानमध्ये बाळाचे पाय असे सरळ गुंडाळायची पद्धत होती. १९७५ मध्ये तिथे ती सोडून द्या म्हणून घराघरांत सांगायची मोहीम सुरू झाली, आणि खुबा निखळण्याचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. आपल्याकडे मूल मान धरू लागलं की कडेवर जातं, पाय दोन्हीकडे फाकलेले. खुब्याला तेच हवं असतं.

गुंडाळल्यावर बाळ शांत झोपतं, हे नाकारायचं नाही. जरूर गुंडाळा, पण छातीपाशी आपली बोटं सहज आत जातील इतकं सैल, आणि कमरेखाली बेडकासारखे पाय हलवायला मोकळी जागा ठेवून. झोपवायचं उताणंच. बाळ कुशीवर वळायची खटपट करू लागलं की गुंडाळणं बंद.

हातमोज्यांचं थोडक्यात. एक मोजा उलटा करून उजेडात धरा. आतल्या शिवणीला दोरे लोंबताना दिसतील. असा दोरा बोटाभोवती फिरून आवळला तर बोटाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि मोजा चढवलेला असल्यामुळे बाळ का रडतंय ते कळत नाही. शिवाय बाळ भूक लागली की आधी मूठ तोंडात घालतं, ती खूण आपणच झाकून टाकतो. ओरखडे नको असतील तर बाळ झोपलेलं असताना नखं घासा किंवा कापा. थंडीत मोजे घालायचेच असतील तर उलटे करून दोरे छाटून घाला.

जंतुनाशक. शी-शू लागलेली बाळुती आधी गार पाण्यात खळखळून घ्या (एकदम कढत पाणी ओतलं की डाग पक्का बसतो), मग नेहमीच्या साबणाने किंवा पावडरने धुवा आणि दोन पाण्यांतून काढा. खरं काम त्या दुसऱ्या पाण्याचं आहे. मांड्यांच्या सांध्यात उठणारं लाल पुरळ पुष्कळदा कापडात राहिलेल्या साबणामुळे किंवा जंतुनाशकामुळे वाढतं, आणि मग ‘जंतू असतील’ म्हणून बादलीत अजून एक झाकण ओतलं जातं. निरोगी बाळाच्या रोजच्या धुण्यात त्याची गरज नाही. ‘खास बाळांसाठी’ म्हणून दुप्पट भावाने मिळणाऱ्या साबणाचीही नाही. आणि वास येणारं कंडिशनर बाळुत्यांना लावलं तर त्यांनी पाणी टिपणंच कमी होतं.

पिळण्याबद्दल काय बोलायचं? दोरीवरच्या लंगोटाचा पाळण्यातल्या पोटाशी काही संबंध नाही. कोकणात जुलैमध्ये न पिळलेलं बाळुतं दुसऱ्या दिवशीही ओलंच असतं, त्याला कुबट वास येतो, आणि तेच दमट कापड बांधलं तर पोटाचं नाही, कातडीचं दुखणं मागे लागतं. घट्ट पिळा. पावसात पंख्याखाली वाळवा आणि वरून गरम इस्त्री फिरवा.

राहिली तिन्हीसांज. हा नियम मी पाळते, बाधेच्या भीतीने मात्र नाही. सूर्य गेला की वाळलेलं कापड पुन्हा दमट होतं, आणि दिवे लागले की किडे-पाखरं येऊन बसतात. उजेड आहे तोवर कपडे आत घ्यावेत, आणि बाळाच्या अंगात घालण्याआधी प्रत्येक झबलं झटकून, उलटून मुंगी नाही ना हे बघावं. एखाद्या दिवशी राहिलेच बाहेर, तर झटकून, इस्त्री फिरवून घाला. सासूबाईंची परवानगी असेल तर.