डिस्प्रिनने बरं वाटलं, मग चुकलं काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, रागावून का होईना पण सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. बाकीच्यांसाठी थोडक्यात: मागच्या लेखात मी म्हटलं होतं की घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळायला लागलं तर तो स्ट्रोक, म्हणजे मेंदूचा झटका, समजा; घरी औषधपाणी करत बसू नका, तोंडातून काहीही देऊ नका, थेट सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा. दादांचं म्हणणं असं की हा शहरी सल्ला आहे, त्यांच्या वाडीपासून सीटी दोन तास लांब, 108 कधी येईल भरवसा नाही, आणि दिवाळीत सासऱ्यांचा हात असाच गेला होता तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी डिस्प्रिन (म्हणजे अ‍ॅस्पिरिनच) दिली आणि अर्ध्या तासात सासरे खडखडीत. मग मी लोकांना उगीच कशाला घाबरवते?

आधी सासऱ्यांचं, कारण मला खरी काळजी त्यांची वाटते. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा टीआयए असावा, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी थोडा वेळ अडकते आणि आपोआप सुटते. बहुतेकांना तासाभरात बरं वाटतं, गोळी द्या नाहीतर नका देऊ. अ‍ॅस्पिरिन अडकलेली गुठळी विरघळवत नाही हो, नवीन गुठळी होऊ नये म्हणून ती असते. आणि टीआयए म्हणजे 'वाचलो' नव्हे, मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि पुढचे काही महिनेही राहतो. त्यांचा ईसीजी, मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (सोनोग्राफीचाच प्रकार), शुगर, कोलेस्टेरॉल झालंय का? नसेल तर या आठवड्यात न्यूरोफिजिशियनला दाखवा. ते कदाचित अ‍ॅस्पिरिनच सुरू करतील, पण तपासून.

"हार्ट अटॅकला देतातच की" हा मुद्दा बरोबर आहे, तिथे देतात. इथे घोडं पेंड खातं ते असं की स्ट्रोक दोन प्रकारचा, बहुतेकांत रक्तवाहिनी बंद होते पण काहींत ती फुटून मेंदूत रक्तस्राव होतो, आणि बाहेरून दोन्ही पेशंट अगदी सारखे दिसतात. कितीही अनुभवी डॉक्टर असू दे, सीटीशिवाय खात्रीने सांगता येत नाही. फुटलेल्या रक्तवाहिनीत अ‍ॅस्पिरिन म्हणजे आगीत तेल. तीच गत बीपीच्या जादा गोळीची, स्ट्रोकमध्ये बीपी बऱ्याचदा वाढलेलं दिसतं, ते घरी धाडकन खाली आणलं तर मेंदूला मिळतंय तेवढंही रक्त कमी पडतं. आणि कुणी आधीच गोळी दिली असेल तर लपवू नका, हॉस्पिटलमध्ये सांगा, तेवढ्यामुळे पुढचे उपचार अडत नाहीत.

तोंडातून काहीच नको हेही मी उगीच म्हणत नाही. मी फिजिओथेरपिस्ट, पेशंट माझ्याकडे नंतर येतात. एका काकूंचं पोळ्या लाटताना लाटणं हातातून निसटलं, सुनेला वाटलं साखर कमी झाली, घाईघाईत साखरपाणी पाजलं. गिळायचे स्नायूच अर्धे गेलेले, पाणी गेलं फुफ्फुसात. हात महिन्याभरात बराच सुधारला पण न्यूमोनियाने त्यांना पार पिळून काढलं. साखरेची शंका सुनेने घेतली ते काही चूक नव्हतं, शुगर उतरली तरी हुबेहूब झटक्यासारखं होतं, पण घरात ग्लुकोमीटर असेल तर बोट टोचून बघा, पाजू नका.

आता अंतराचं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यात सीटी आणि तपासण्यांचा वेळही धरा. तुमचे दोन तास रस्त्यात गेले तरी अजून हातात वेळ आहे, आधी गावात तासभर गोळी देऊन वाट बघितली तर मात्र तो फारच कमी उरतो. तुमच्या डॉक्टरांना मी कमी लेखत नाही, पण त्यांना गाडीतून फोन करा, त्यांच्या बाकड्यावर नंबर लावून बसू नका. 108 लावाच, पण ते म्हणाले तास लागेल आणि दारात गाडी उभी असेल तर निघा, पेशंट कुशीवर, मागे कुणीतरी सोबत. आणि हे आजच करून ठेवा, जवळच्या हॉस्पिटलांना फोन करून विचारा, रात्री दोनला सीटी चालू असतं का? मशीन असतं हो, टेक्निशियन घरी गेलेला असतो. साडेचार तास उलटले म्हणून घरीही बसू नका, मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी कॅथेटरने (बारीक नळीने) काढायची सोय असेल तर निवडक पेशंटांना 24 तासांपर्यंत फायदा होतो.

एक गोष्ट तर फुकटात होते. पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लिहून घ्या. 'सकाळी उठले तर असं' याचा अर्थ घड्याळ रात्री झोपायला गेले तिथपासून मोजायचं. सोबत चालू गोळ्यांची पाकिटं घ्या, रक्त पातळ करायची असेल तर ती आधी दाखवा.

तुमच्या प्रतिक्रियेखाली एकांनी दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढायचा तो जुना व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड टाकलाय, तो मी उडवतेय. तुमची प्रतिक्रिया आहे तशी ठेवते, तिच्यावर बोलता येतं. सासऱ्यांचे रिपोर्ट आले की कळवा.