पुन्हा टर्बो सीची तीच निळी स्क्रीन!

खिशातला फोन थ्रीडी गेम लीलया पळवतो. आणि आम्ही इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये? डॉसबॉक्सात (जुने डॉसचे प्रोग्राम आजच्या संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर) टर्बो सी, म्हणजे सी भाषेचा जुनापुराणा कंपायलर, उघडून, ६४० बाय ४८० च्या खिडकीत, १६ रंगांत एक तिरकी रेघ मारतोय! तीही उमटत नाही. का? ग्राफिक्स सुरू करणाऱ्या इनिटग्राफ फंक्शनमध्ये बीजीआयचा, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरच्या फोल्डरचा, पाथ देताना दोनाऐवजी एकच बॅकस्लॅश टाकला म्हणून. गेलं अख्खं प्रॅक्टिकल!

आयबीएमच्या जॅक ब्रेसनहॅमची रेघ काढायची १९६२ ची पद्धत भारीच आहे हो, नुसत्या पूर्णांकांवर रेघ काढतो पठ्ठ्या! पण समजावतंय कोण? सरांना हवं जर्नल. हाताने लिहिलेलं. आउटपुट पेन्सिलने काढायचं. कॉम्प्युटर ग्राफिक्सचं आउटपुट. पेन्सिलने! शेडर (आजच्या गेममधले रंग-प्रकाश ठरवणारा छोटा प्रोग्राम) म्हणजे काय विचारलं, तर "सिलॅबसमध्ये नाही." आणि व्हायवाला प्रश्न काय? "गेटच (getch, की दाबेपर्यंत थांबवणारं फंक्शन) कशाला लिहिलंस?"