‘हमाली’ या शब्दाबद्दल

ॲनिमेची फ्रेम हाताने गिरवून तिचं व्हेक्टर चित्र (ठिपक्यांऐवजी रेघांच्या आकारांचं) कसं करावं, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया एक शब्दही न कापता इथे ठेवली आहे: ‘एका क्लिकचं काम, आणि हे पेन टूलने तासन्‌तास गिरवतात. निव्वळ हमाली. शिवाय शॉर्टकट जुने, स्क्रीनशॉट अंधुक.’ सदाशिव पेठेत पत्ता विचारला तरी याहून गोड उत्तर मिळतं, साहेब.

ते क्लिक मलाही ठाऊक आहे. इंकस्केप या व्हेक्टर चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये शिफ्ट-ऑल्ट-बी, म्हणजे चित्र आपोआप गिरवणारं ट्रेस; त्याच्या आत पोट्रेस हे इंजिन. काळ्या शाईचं मांगाचं (जपानी कॉमिकचं) पान 600 डीपीआयला स्कॅन केलेलं असेल तर तिथे पेन घेऊन बसू नये, हे मान्य.

पण लेख ॲनिमेच्या फ्रेमवर होता. तो वाचलात ना? तिथे रेघ आणि त्वचा यांच्यामध्ये अँटी-अलायझिंगची (कडा मऊ दिसाव्यात म्हणून मिसळलेल्या रंगाची) तपकिरी किनार असते, वर जेपीईजीचा कचरा. ट्रेसमध्ये आठ रंगांचं स्कॅन घ्या, त्यातले एकदोन रंग ही किनारच खाते आणि प्रत्येक रेघेला पट्टा येतो. रंग वाढवले की पट्टे वाढतात. बारीक ठिपके गाळणारं स्पेकल्स वाढवलं की कचऱ्याबरोबर डोळ्यातली चमकही गायब. कोपरे गोल करणारं स्मूद कॉर्नर्स चढं ठेवलं तर केसांची टोकं बोथट. शून्याकडे नेलं तर टोकं राहतात, पण गालाला कोपरे फुटतात.

हाताने केसांच्या एका बटेला तीन नोड (रेघेचे बिंदू) पुरतात: बुंध्याला दोन, टोकाला एक कस्प, म्हणजे टोकदार नोड. गालाचे नोड वळण जिथे सर्वांत बाहेर येतं तिथेच, वळण ठरवणारं हँडल सरळ उभं किंवा आडवं. रंगाचा आकार रेघेखाली मधोमध न्यायचा. कडेला कड भिडवली की पांढरी फट दिसते. निमुळत्या रेघेला पॉवर स्ट्रोक (रेघेची जाडी बदलणारा इफेक्ट), आणि कटिंगला देण्याआधी ऑब्जेक्ट टू पाथ; साध्या जाड रेघेला स्ट्रोक टू पाथ, म्हणजे रेघेचा बंद आकार होतो. हे दुसरं विसरलात तर प्लॉटर (पात्याने कापणारं यंत्र) फक्त मधली रेघ कापतो.

रेडियम (गाड्यांवरचे स्टिकर) कटिंगवाल्यांना फायली देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत, तेव्हा हमाली कशाला म्हणतात ते आपण मला शिकवू नये. ट्रेसची फाईल लावली की शेकडो नोडांवर पातं अडखळतं, आणि जादा रेडियम सोलताना बारीक तुकडे त्याच्याबरोबर उचलले जातात. मग दुकानदाराची बोलणी कोण खातो? क्लिक करणारा नक्कीच नाही.

शॉर्टकट आवृत्तीगणिक बदलतात. स्क्रीनशॉटवर टिचकी मारली की मोठे होतात.

आपली एका क्लिकची फाईल उघडा, केसांचा पाथ निवडा आणि खालच्या पट्टीत नोड किती दाखवतंय तो आकडा इथे लिहा.