एक मीटिंग ठरवायची होती

आमच्या टीममध्ये भाषेचा प्रॉब्लेम केव्हाच सुटलाय, असं सगळ्यांचं ठाम मत आहे. कारण सगळेच इंग्रजी बोलतात. खरी गोची तिथूनच सुरू होते, कारण समोरचा आपलीच भाषा बोलतोय म्हटल्यावर तो आपल्यासारखाच विचार करत असणार असं जो तो धरून चालतो. बर्लिन, शिकागो, टोकियो, आदिस अबाबा आणि सोफिया इथली मंडळी एकाच वेळी एका स्क्रीनवर आणायचं काम माझ्या गळ्यात आहे. म्हणजे बेडकांची पासरी, फक्त इथे प्रत्येक बेडकाचं घड्याळ वेगळं.

शिकागोवाला लिहितो, '05/06 ला भेटू', त्याच्या मनात असते 6 मे. बर्लिनवाली ते 5 जून असं वाचते आणि 'महिनाभर वेळ आहे, छान!' असं उत्तर पाठवते. टोकियोवाला वर्ष आधी लिहितो, मग महिना, मग दिवस, आणि खरं सांगायचं तर शहाणपणा तोच आहे, 1988 साली आयएसओ 8601 नावाचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आलं त्यातही हाच क्रम आहे, पण स्टँडर्ड पाळायचं असतं ते दुसऱ्यांनी! तेरावा महिना नसतो म्हणून 13 तारखेपासून पुढे कोणाचाच गोंधळ होत नाही, त्यामुळे महत्त्वाच्या मीटिंगा मी हल्ली महिन्याच्या उत्तरार्धातच ठेवते.

तेरावा महिना नसतो हे मी एकदा बोलून गेले आणि आदिस अबाबावाली गोड हसून म्हणाली, 'आमच्याकडे असतो.' इथिओपियन कॅलेंडरमध्ये 30 दिवसांचे 12 महिने आणि वर 5-6 दिवसांचा एक छोटुकला तेरावा महिना. वर्षही 7-8 ने मागे. बरं, दिवस मोजायचा तो सकाळपासून, म्हणजे आपले सकाळचे 7 तेव्हा त्यांचा 1 वाजलेला. ती बिचारी दर वेळी विचारते, 'तुमचे तीन की आमचे तीन?' एवढी साधी चौकशी बाकी कोणालाच सुचत नाही.

मार्चमध्ये तर विचारूच नका. अमेरिका उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे करते दुसऱ्या रविवारी, युरोप शेवटच्या रविवारी, जपान या भानगडीत पडतच नाही. शिकागो आणि बर्लिनमधलं 7 तासांचं अंतर मधले दोन-तीन आठवडे 6 तासांचं होतं आणि तेवढ्या काळात रोज कोणीतरी तासभर आधी येऊन रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसतं.

एवढं करून मीटिंग भरते. बर्लिनवाली खर्चाचा आकडा दाखवते, 1.500 युरो. शिकागोवाला खूश, 'दीड युरो? अरे लगेच मंजूर!' जर्मनीत हजाराच्या जागी टिंब आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो, अमेरिकेत बरोब्बर उलटं, हे समजेपर्यंत दहा मिनिटं गेली. मग तिने त्याचा सगळा प्लॅन 'हे चालणार नाही' म्हणून तीन शब्दांत उडवला. त्याचा चेहरा पडला, ती मात्र निवांत, कारण तिच्या लेखी ती फक्त प्लॅनबद्दल बोलली होती, त्याच्याबद्दल नाही. टोकियोवाला तेवढ्यात म्हणाला, 'हे जरा अवघड वाटतंय,' आणि गप्प झाला. शिकागोवाल्याला वाटलं, अवघड आहे म्हणजे जमेल, जोर लावू. तो नकार होता, भरभक्कम नकार, पण सभ्य कपड्यांतला.

शेवटी मत घ्यायचं ठरलं आणि सोफियावाल्याने मान हलवली. बल्गेरियात मान डावी-उजवीकडे हलवली की होकार आणि वर झटकली की नकार, हे सगळ्यांना पाठ होतं, सगळ्यांनी होकार लिहून घेतला. पण आमची पंचाईत होऊ नये म्हणून परदेशी लोकांशी बोलताना तो मुद्दाम आमच्या पद्धतीने मान हलवतो, असं तो मागे म्हणाला होता. दर वेळी नाही, कधीकधी. म्हणून मी विचारलं, 'आत्ता तू तुमच्या पद्धतीने हलवलीस की आमच्या?'

त्याने पुन्हा मान हलवली.