विजयदुर्गाचे ओटे आणि ‘घरबसल्या संशोधक’

महोदय,

1868 च्या ग्रहणात लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरच्या ओट्यांवरून हेलियम शोधला, असं सांगितलं जातं. ‘हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागलेला नाही’ असं मी माझ्या लेखात लिहिलं. त्यावर तुमचं वाक्य: ‘कोकणात पाऊल न ठेवणाऱ्या घरबसल्या संशोधकांनी आमचा इतिहास पुसू नये.’ पुढे तुम्ही फलक, पुस्तिका आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मजकूर जोडलेत. त्यात हाच एक दावा फिरतोय, त्यामुळे प्रत्येकाला वेगळं उत्तर देत नाही. हे वाक्य मात्र सोडणार नाही.

माझं आजोळ देवगड तालुक्यातलं. विजयदुर्गावरचे हे ओटे, म्हणजे ‘साहेबाचे ओटे’, मला आजोबांनी दाखवले. पुढे आकाशदर्शनासाठी शाळेतल्या मुलांना घेऊन मी त्याच किल्ल्यावर गेलो आहे. मी कुठला, कोणाचा, हे न विचारताच तुम्ही मला परका ठरवलंत. याला वाद म्हणत नाहीत, हिणवणं म्हणतात. आणि आमचा इतिहास म्हणजे फक्त तुमचा का? तो माझाही आहे, म्हणून तर तो खरा असावा असं वाटतं.

18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला वेध घेत होते. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी सूर्यज्वालांचा वर्णपट (प्रकाशाचे सुटे केलेले रंग) मिळवला तो 20 ऑक्टोबरला, ग्रहण नसताना. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळेना, तिथून हेलियमची गोष्ट सुरू होते. दोघांची निरीक्षणांबद्दलची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचली.

लॉकियर विजयदुर्गाला आले होते, हे खरंच आहे. पण ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला! ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. ओट्यांचा संबंध जोडायचाच तर या मोहिमेशी जोडा. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झींना 1895 मध्येच पृथ्वीवर हेलियम सापडला होता. याच ग्रहणाला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे नायगमवाला जेऊरला वेध घेत होते. आपल्या माणसाचा अभिमानच हवा असेल तर त्यांचं नाव घ्या. तुमच्या एवढ्या लांबलचक प्रतिक्रियेत ते एकदाही नाही.

18 ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिवस होतो, मुलं दुर्बिणीला डोळा लावतात, हे उत्तमच आहे. लेखात त्यावर दोन ओळी हव्या होत्या, तेवढं मान्य.

पुन्हा लिहाल तेव्हा 1868 च्या ऑगस्टमध्ये लॉकियर हिंदुस्थानात असल्याचा एक तरी समकालीन पुरावा द्या. माझ्या पत्त्याची चौकशी नको.